आत्याचं गाऱ्हाणं

आमच्या लालबागच्या खोलीत गुपित ठेवायला जागाच नाही. तरी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एक ठेवलं होतं. वर्गातल्या ज्या मुलाशी माझं जुळलं होतं, तो मला मारायचा. फोन तपासायचा, सोडते म्हटलं की गेटवर वाट अडवायचा. घरी कळलं तर बाबा कॉलेज बंद करतील, एवढीच धास्ती. मजल्यावरच्या एका ताईचं तेच झालेलं. 'प्रकरण' कळलं आणि तिचं शिक्षण संपलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्यातच राहते. रविवारी माझ्या डोक्याला तेल घालताना तिने माझी बाही वर सरकवली आणि दंडावरचे काळेनिळे वळ पाहिले.

"दाराची कडी लागली गं."

"कडीक पाच बोटां कधीपासून फुटली?"

झालं! मी हुंदके देत सगळं सांगून टाकलं. तिने मला पोटाशी धरलं. बाबांना सांगू नकोस, मी विनवलं. "देवाशिवाय कोणाक सांगूचंय नाय," ती म्हणाली. मला वेडीला वाटलं, म्हणजे कोणालाच नाही.

आम्ही मालवणी. संकट आलं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, तेही ठणठणीत आवाजात, आणि दर वाक्याला ऐकणाऱ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचंच. खरं हे पुरुषांचं काम, पण आजोबा गेल्यापासून आत्याने ते हक्काने उचललंय.

सोमवारी सकाळी बाबा गॅलरीत दाढी करत होते.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," बाबा सवयीने म्हणाले.

"आमच्या चेडवाच्या अंगार जेणा हात टाकल्यान..."

"व्हय म्हाराजा."

"कॉलेजच्या गेटार तिची वाट आडवल्यान, तेचे हात मोड रे म्हाराजा!"

शेजारच्या खोलीतूनसुद्धा 'व्हय म्हाराजा' आलं. बाबांचं आलं नाही.

मी आत्याकडे असं पाहिलं की बस. "मी खंय तेका सांगलंय? देवाक सांगलंय!" ती माझ्यावरच उखडली. अस्सा राग आला होता तिचा! आज तिचे गाल ओढावेसे वाटतात.

बाबा आत आले. अर्ध्या गालाला फेस तसाच. माझा दंड पाहिला, तोंड पुसलं, इस्त्रीचा शर्ट घातला. "चल," एवढंच म्हणाले. कुठे, हे विचारायची माझी छाती झाली नाही. कॉलेजातून माझं नाव काढायलाच निघालेत, असं धरून मी मागोमाग चालत राहिले.

कॉलेजात त्यांनी शिपायाला विचारलं, "मुलींच्या तक्रारी कोण घेतं?" तक्रार समितीच्या मॅडमनी बाबांना बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत घेतलं. मी अडखळले की त्या थांबायच्या, घाई केली नाही. त्याला बोलावून घेतो, तुझ्या आसपास फिरकू देणार नाही, म्हणाल्या. पोलिसांत जायचं असेल तर सोबत येईन, पण ते तू ठरव. चूक तुझी नाही, हेही म्हणाल्या. मला ते किती हवं होतं, ते ऐकल्यावरच कळलं.

बाहेर आले तर बाबांचे डोळे लाल. आम्ही जिना उतरलो. आता हे मला घरी नेणार आणि बसवणार, याच विचारात मी त्यांच्यामागून गेटबाहेर पाऊल टाकलं. बाबा थांबले.

"तू कुठे निघालीस? लेक्चर नाही का आज?"

मी रडत रडतच वर्गात जाऊन बसले.