डावखुरा रक्तपिशाच

फुलाबाई जन्माची डावखुरी. लहानपणी डाव्या हातानं शेळीची धार काढायला बसली, की आई पाठीत धपाटा घालायची. मग एका वर्षी मार्गासनीच्या जत्रेत सिनेमा आला. त्यातला रक्तपिशाच जगावेगळा होता. माणसाच्या रक्ताचा त्याला वीट आलेला, म्हणून चोरून शेळ्यांची धार काढायचा आणि दुधावर जगायचा. सारं गाव पोट धरून हसलं. फुलाबाईला मात्र तो देवमाणूस वाटला, कारण तो धार काढायचा डाव्या हातानं! दुसऱ्या दिवसापासून तिनं कुणालाच भीक घातली नाही.

यंदा नात प्रगतीनं तोच सिनेमा शोधून काढला आणि देवळापुढं चादर बांधून वाडीला दाखवला. रक्तपिशाच शेळीजवळ बसला आणि त्यानं उजवा हात पुढं केला.

"आजे, ह्यो तर उजव्या हातानं काढतोय की!"

वाडी खदखदली. मग फुलाबाईला आठवलं. जत्रेत पडद्यापुढची जागा बाप्यांची. बायापोरी पडद्यामागं बसून उलटा सिनेमा बघायच्या. ती ताडकन उठली आणि चादरीमागं गेली.

"बायांनो, हिकडं या. आपली जागा हितं हाय!"

बघता बघता सगळ्या बाया उठून मागं गेल्या. धार अजून चालूच होती, आणि ती डाव्या हातानं. फुलाबाईनं डाव्या हाताची दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की गोठ्यातल्या शेळ्यासुद्धा उठून उभ्या राहिल्या.