घरच्या घरी ब्रेक

ज्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने गाडीचा ब्रेक खोललाय, त्याला किस्से सांगायला माणसं शोधावी लागत नाहीत. माणसंच येऊन विचारतात, "काय हो, थांबते का आता?" मग एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि चहा गार होतो.

आमचं टोळकं तिघांचं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं, नाशिकरोडची आमची छोटी सोसायटी. बापू आहेर मूळचे सटाण्याचे, बोलण्यात अधूनमधून अहिराणी, कांद्याचे व्यापारी. सुभेदारसाहेब तोफखान्यातून रिटायर झालेले, अर्धी नोकरी देवळाली कॅम्पात. आणि मी, अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढणारा. म्हणजे ज्याला कागदावर सगळं जमतं असा!

सुरुवात बापूंच्या जुन्या पांढऱ्या गाडीने झाली. गॅरेजवाला म्हणाला, "कॅलिपर गेलेत शेठ, नवे टाका."

बापूंनी वाकून चाकात पाहिलं. "गेलेत कुठं? इथंच तर शेतस!"

झालं. कॅलिपर घरीच दुरुस्त करायचे ठरले.

*

कॅलिपर म्हणजे चिमटा. चाकाबरोबर लोखंडी चकती फिरते, तिला हा दोन्ही बाजूंनी धरतो आणि गाडी थांबते. चिमटा दाबायला आत एक पिस्टन असतो. तो गंजला की अडकून बसतो. बापूंचा उजव्या चाकाचा पिस्टन असाच अडकलेला. त्यामुळे ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची.

दुसरा कोणी घाबरला असता. बापूंनी सवय करून घेतली. पेट्रोल डावीकडच्या पंपावर, भाजी डावीकडच्या गाड्यावर, दाढीसुद्धा डाव्या हाताच्या सलूनमध्ये.

एकदा आहेरवहिनी माझ्या बायकोकडे तक्रार घेऊन आल्या. "किती महिने झाले, हे मला माहेरी नेत नाहीत. विचारलं की गाडीचं नाव सांगतात."

मी बापूंना बाजूला घेतलं. "बापू, खरं काय ते सांगा."

"भाऊ, सासुरवाडी उजव्या हाताला शे," बापू शांतपणे म्हणाले. "गाडी नाही म्हणते, मी काय करू?"

*

अडकलेला पिस्टन बाहेर काढायचा कसा? बापू म्हणाले, हवेने. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला कॉम्प्रेसरसकट अंगणात आणलं. कॅलिपर फरशीवर ठेवला, पाइप लावला, वर जुनं पोतं टाकलं.

"हळू सोड हां," मी म्हणालो.

त्याने सोडली. काहीच नाही. अजून सोडली. तरी काही नाही. बापू म्हणाले, "अरे, सोड की मनापासून!"

ठो!!!

पोतं एकीकडे, पंक्चरवाल्यासकट आम्ही तिघं तीन दिशांना. पिस्टन पोत्यातून आरपार, वाळत घातलेल्या चादरीतून आरपार, आणि समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर टण्णकन आदळला. सगळ्या खिडक्या उघडल्या. कोणीतरी "सिलिंडर, सिलिंडर!" म्हणून ओरडलं.

सुभेदारसाहेब तेवढे सावकाश जिना उतरून आले. त्यांनी कॅलिपर पाहिला, चादरीचं भोक पाहिलं, डोळे बारीक करून टाकी पाहिली. आम्ही मान खाली घालून उभे. आता शिव्या पडणार!

"दिशा बरोबर होती," साहेब म्हणाले. "उंची चुकली."

त्या दिवसापासून साहेब आमच्यात सामील झाले.

*

बापूंचे वडील, आबा, सटाण्याहून दोन दिवसांसाठी आले होते. सकाळी खुर्ची टाकून बसले ते दिवस मावळेपर्यंत उठले नाहीत. चाक निघालं, कॅलिपर निघाला, पिस्टनला पॉलिश पेपर मारला, नवं रबर चढलं. आबा मान पुढे काढून बघत होते. शेवटी विचारलं, "एवढं सगळं कशापायी?"

"गाडी थांबायला, आबा."

"नुसतं थांबायला?"

"हो."

आबांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. "आमचा बैल नुसतं 'हो हो' म्हटलं की थांबायचा. त्याला कधी खोलून पाहिला नाही आम्ही!"

*

नंतर माझ्या गाडीची पाळी आली. पिस्टनवरच्या रबरी रिंगांचं नवं पाकीट आणून मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं. अंघोळ करून येतो तर एक रिंग गायब. टेबलाखाली पाहिलं, कपाटाखाली पाहिलं. सापडेना.

माझी बायको सुनंदा शाळेत शिक्षिका. तिच्या डब्यातल्या आमटीच्या डबीचं रबर फाटलेलं, रोज पर्समध्ये आमटी सांडायची. टेबलावर नवीकोरी रिंग दिसली, तिला वाटलं, वा, नवऱ्याने लक्षात ठेवून आणलं! बसवली आणि गेली.

आमटी सांडली नाही. पण मधल्या सुट्टीत डबी उघडेना. सगळ्या बाईंनी जोर लावून पाहिला. पीटीच्या सरांना बोलावलं, त्यांनी ती गुडघ्यांत धरून पाहिली. शिपाईमामांनी दाराच्या फटीत अडकवून पाहिली. उलट दरवाजाच कुरकुरला. शेवटी मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या. त्यांनी डबी हातात घेऊन उलटसुलट केली आणि सुनंदाला म्हणाल्या, "पाटीलबाई, तुमच्याकडे आमटीलाही हँडब्रेक लावतात का हो?"

मी आठवडाभर संध्याकाळचा चहा स्वतः केला.

*

कॅलिपर जोडला की पाइपातली हवा काढावी लागते. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी बोल्ट सैल करून हवा सोडायची, पुन्हा आवळायचा. त्या दिवशी सुभेदारसाहेब पेडलवर आणि बापू चाकाशी.

"दाबा!" बापू ओरडायचे. "धरून ठेवा! ... सोडा!"

साहेबांच्या कानाला तोफांनी आधीच दगा दिलेला, त्यामुळे बापूंचा आवाज चढत चढत टिपेला पोचला. "अजून दाबा! अजून जोरात! सोडू नका, अजिबात सोडू नका!" नेमका तेव्हाच पाना हातातून निसटून गटारात पडला. बापू तो शोधत बसले.

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत जोशीकाका उघडेच धडपडत आले. अंगभर तेल, चेहरा लालबुंद. त्यांची कंबर धरली होती आणि पंचवटीतून मालिशवाला आला होता.

"अहो, तुम्हाला काही दयामाया?" काका किंचाळले. "हा मेला माणूस माझं ऐकत नाही, तुमचंच ऐकतोय!"

*

सगळं झाल्यावर बापू म्हणाले, घाटात टेस्ट घेतल्याशिवाय खरं नाही. मी म्हटलं, सपाटीवरच घेऊ. बापू ऐकतात थोडंच! दोघं बापूंच्या गाडीने पेठच्या रस्त्याला लागलो. चढ झाला, घाट झाला, वळणावळणावर ब्रेक लोण्यासारखा लागत होता. बापू शीळ घालायला लागले.

शेवटच्या उतारावर शीळ बंद झाली.

"भाऊ," बापू म्हणाले, "पेडल खाली गेलं."

"मग वर येऊ द्या."

"येत नाही."

मी झडप घालून हँडब्रेक ओढला तर तो नुसताच हातात आला. त्याची केबल जोडायचीच राहिली होती. बापूंनी कसाबसा पहिला गिअर टाकला. इंजिन केकाटलं आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगावर आली. पण थांबेना. उतार लांब. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. बापू घामाने निथळलेले, ओठ हलतायत. मी दाराचं हँडल घट्ट धरून बायकोमुलांना आठवत होतो.

तेवढ्यात समोर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी दिसली. डोक्यावर टोपली, टोपलीत कोंबडा. तिने हात केला.

बापू खिडकीतून ओरडले, "बाजूला हो माय! थांबत नाही गाडी!"

"नको थांबवू," म्हातारी म्हणाली.

ती गाडीबरोबर चालायला लागली. मागचं दार उघडलं, आधी टोपली आत सरकवली, मग स्वतः बसली आणि दार लावून घेतलं. बापू आरशातून बघत राहिले, मी वळून. ती मात्र मजेत बाहेर बघत होती. मध्येच कोंबड्याला म्हणाली, "गप बस."

थोडं पुढे गेल्यावर तिने दार उघडलं, टोपली डोक्यावर घेतली आणि चालत्या गाडीतून अलगद उतरली.

बापूंना राहवलं नाही. "माय, भीती नाही वाटली?"

गाडीबरोबर चार पावलं चालत म्हातारी म्हणाली, "कशाची? आमच्या पाड्यावर कुठलीच गाडी थांबत नाय!"