आक्काची हनुवटी आणि माझी मुकी गिटार

गेल्या शनिवारी दुपारी मी बेळगावात, घराच्या मागच्या पडवीत, गिटारच्या पोटात हात घालून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी निपाणीहून आक्का येणार होती... आणि गिटार मुकी होती.

ही गिटार मीच बनवलेली. दुकानात मिळत नाही का, असं विचारणारे खूप भेटले. मिळते की. पण श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी इतकी वर्षं व्यासपीठावरून बोलतोय, की एकदा आपल्याच हातांना विचारावंसं वाटलं, बाबांनो, तुम्ही काय घडवलंत? नुसता माइक धरलात...

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण आक्का.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका. लहानपणी तिचे दोन्ही कान वाहायचे, तेव्हापासून तिला ऐकू कमी येतं. आता फारच कमी झालंय. कानाचं मशीन घेतलं, पण ते कपाटात असतं... त्यात माणसांपेक्षा भांडीच जास्त वाजतात म्हणते.

डॉक्टर एकदा म्हणाले होते, पडदे खराब आहेत, पण हाडातून आवाज आत पोचतो. ते माझ्या डोक्यात बसलं. गिटारवर हनुवटी टेकली तर सूर थेट तिच्या आत जाईल...

लाकूडही तिनंच मिळवून दिलं. तिच्या घराजवळची तंबाखूची जुनी वखार पाडली, तेव्हा दारांच्या सागवानी फळ्या माझ्यासाठी मागून ठेवल्या. त्या चिरून, ओल्या करून गरम पाइपवर वाकवताना पडवीभर तंबाखूचा वास सुटला. साधी सुपारीही न खाणारा मी दिवसभर शिंकत होतो.

दिवाळीच्या सुमारास गिटार तयार झाली. आक्का आली, हनुवटी टेकली, मी तार छेडली. तिनं थोडा वेळ वाट बघितली.

"लाकूड हाय रं हे," ती म्हणाली. "चांगलं हाय. पण लाकूडच हाय."

मग माझा चेहरा बघून पाठीवर हात फिरवला आणि भाकरी करू का विचारलं. बोलण्यापेक्षा तो हात जास्त लागला...

चूक कळायला बरेच दिवस गेले. गिटारच्या वरच्या पातळ फळीला आतून लाकडी पट्ट्या चिकटवतात, तारांचा ताण पेलायला. मी त्या हव्या त्यापेक्षा कितीतरी जाड ठेवल्या होत्या.

स्वभाव, दुसरं काय? सीमाभागात वाढलेल्या माणसाला दणकट बोलायची सवय असते, मागच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. गिटारही मी तशीच बांधली, सभेच्या मंडपासारखी. वादळ आलं तरी पडणार नाही... पण हलणारही नाही. आणि जे हलत नाही ते वाजणार कसं?

मित्र म्हणाले, आता भिंतीला लाव, शोभेल. मला ते पटेना. रविवारी जेवायला येते असा आक्काचा मेसेज आला आणि मी तारा सैल केल्या.

खडेबाजारातून आणलेला पॉलिश पेपर लाकडाच्या तुकड्याला चिकटवला आणि गोल भोकातून हात आत घातला. आतलं काही दिसत नाही, बोटांनीच बघायचं. थोडं घासायचं, हात बाहेर काढून फळीवर टकटक करायचं, ऐकायचं... पुन्हा घासायचं. जास्त घासलं की तारा ताणल्यावर फळी खचणार आणि वर्षभराचं काम संपणार.

सुरुवातीला दारावर थाप मारल्यासारखं वाजत होतं. संध्याकाळकडे आवाज खाली उतरला, घुमायला लागला. आणखी थोडं घासावं असा मोह झाला. कुठं थांबायचं हे मला भाषणातही कधी जमलेलं नाही... या वेळी मात्र थांबलो.

रविवारी सकाळी तारा चढवल्या. फळी जराशी वर आली, पण धरून राहिली.

आक्का वाटेत संकेश्वरला उतरून मिरच्या घेऊन आली. गिटार पुढं केली तर म्हणाली, जेवून बघू. पुन्हा माझा चेहरा पडलेला तिला बघायचा नव्हता, हे मला कळत होतं.

जेवण झालं. पदरानं चष्मा पुसता पुसता तिनं हनुवटी टेकली. मी सगळ्यात जाड तार छेडली.

चष्मा पुसणारा हात थांबला. तिनं डोळे मिटले.

"आणि एकदा," ती म्हणाली.

मला तीनच कॉर्ड येतात. तेच वाजवत राहिलो... बऱ्याच वेळानं, हनुवटी न उचलता ती म्हणाली, "तुझ्या प्रत्येक सभंला मी पुढच्या खुर्चीत का बसायचे, ठाऊक हाय?"

मला ठाऊक होतं असं मी आजवर समजत होतो. आमची आक्का विचारांची पक्की, हे मी अभिमानानं चारचौघांत सांगत आलोय.

"तुझं तेवढं ऐकाय यायचं," ती म्हणाली. "बाकीचे बोलायचे. तू वरडायचास."

मी हसलो, तीही हसली. तिचं हसू गिटारच्या पोटात घुमलं, ते माझ्या मांडीलाही जाणवलं.

संध्याकाळी गिटार घेऊनच ती निपाणीच्या बसमध्ये बसली. खाली उभा राहून, सांभाळून जा, असं मी नेहमीसारखं ओरडणार होतो... पण बस सुरू झाली होती आणि खिडकीत आक्का गिटारवर हनुवटी टेकून, डोळे मिटून, इंजिनची घरघर ऐकत होती.

मी नुसता हात हलवला. टाळ्या खूप मिळाल्या आजवर, त्यांचे आभार वेळोवेळी मानले आहेत. वखारीच्या त्या दारांचे मात्र राहिले होते... ते आज मानतो.