काचबाईंची गार नळी

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचेची भांडी सांभाळली, म्हणून सगळी गल्ली त्यांना काचबाई म्हणायची. निवृत्तीनंतर मुलाच्या घरी त्यांचे हात नुसते शिवशिवायचे. आज मिक्सर खोल, उद्या इस्त्री खोल. सून म्हणायची, "आई, निदान चालू असलेलं तरी खोलू नका हो!"

सुनेचे वडील दोन गल्ल्या सोडून राहायचे. जन्मभर बेकरीत पाव भाजलेला माणूस. भट्टी मुलाच्या हवाली केली, पण यीस्टचा नाद सुटेना, म्हणून घरीच बियर करायला लागले. चवीला झकास, असं पिणारे सांगत. पण बियरचं पिंप फ्रिजमध्ये मावायचं नाही, आणि उन्हाळ्यात नळ उघडला की ग्लासात पाऊण फेस नि पाव कोमट काढा.

या व्याहीबुवांशी काचबाईंचं भांडण नव्हतं, पण सूतही नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली तरी "बरं आहे ना?" "बरं आहे," यापुढे गाडी सरकली नव्हती. व्याहीबुवांच्या सत्तरीचं जेवण ठरलं. अंगणात, भर दुपारी, तीस माणसं. लेकीपाशी येऊन ते कुरकुरले, "मागच्या खेपेसारखी लोक माझी बियर कुंडीत ओतणार, बघ."

काचबाई आत भाजी चिरत होत्या. सुरी तशीच हातात घेऊन बाहेर आल्या. "अख्खं पिंप कशाला गार करायचं? ग्लासात पडते तेवढीच गार करू."

"ती कशी?" सुरीकडे बघत व्याहीबुवांनी विचारलं.

"बर्फातून नळी न्यायची. पिंपातून निघाली की नळीत वेटोळी घेत घेत गार होते."

जुनी सहलीची बर्फपेटी माळ्यावरून निघाली. प्लंबरकडून दहा मीटर बारीक स्टीलची नळी आली. वाकवताना ती चिमटू नये म्हणून काचबाईंनी आधी आत बारीक वाळू ठासली आणि रंगाच्या रिकाम्या डब्याभोवती नळी गुंडाळली. वेटोळं असं सुबक झालं की सून बघतच राहिली. पण वाळू बाहेर यायला तयार होईना! मग दुपारभर विहीण आणि व्याही समोरासमोर बसून लाटण्याने नळी ठोकत राहिले. ठोकता ठोकता व्याहीबुवांनी पहिल्या करपलेल्या घाण्याची गोष्ट सांगितली, काचबाईंनी मुख्याध्यापकांच्या मिशीवर उडालेल्या शाईची. तिन्हीसांजेला वाळूचा शेवटचा कण पडला, तेव्हा दोघांचे हात दुखत होते नि पोटंही, हसून हसून. मग गरम सोड्याच्या पाण्याने नळी चारदा धुतली.

जेवणाच्या दिवशी पेटीत बर्फ भरला. सगळे ग्लास घेऊन उभे. व्याहीबुवांनी नळ फिरवला. फेस! खाली कोमट घोटभर. शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "चहा झाला वाटतं!"

व्याहीबुवांचे कान लाल झाले. काचबाईंनी पेटीचं झाकण उघडलं, बोटाने चाचपलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, बर्फाचे खडे नळीला इथेतिथे टेकलेत. मधे नुसती हवा! सूनबाई, दोन तांबे पाणी आण."

बर्फात पाणी ओतलं. पाच मिनिटं तसंच मुरू दिलं. नळ पुन्हा फिरला. या खेपेला सोनेरी धार पडली, वर दोन बोटं फेस, आणि ग्लास बाहेरून धुरकटला. काचबाईंनी पदराआडून थर्मामीटर काढून त्यात बुडवला.

"सहा अंश!"

अंगणात टाळ्या पडल्या. शिंपीकाका तीनदा रांगेत आले.

"विहीणबाई, पहिला मान तुमचा," व्याहीबुवा ग्लास पुढे करत म्हणाले. काचबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कडू आहे हो!"

"असायलाच हवी!"

उरलेला ग्लास काचबाईंनीच संपवला. हल्ली दर सोमवारी काचबाई व्याह्यांकडे जातात. आंबवण किती झालं ते मोजून वहीत लिहितात, आणि पिंप नीट धुतलं नसेल तर त्यांना चांगलं फैलावर घेतात.