बायकोने केलेली तक्रार

चोआ चू कांग वस्तीतून आलेला तो फोन आठवला की तो करणाऱ्या बाईंचे आजही मनोमन आभार मानतो.

मी तेव्हा सिंगापूरच्या अमली पदार्थविरोधी पथकात होतो. सकाळच्या ड्युटीवर फोन मीच घेतला. बाई इंग्रजीत बोलत होत्या. माझं आडनाव ऐकताच मराठीवर आल्या.

"माझा नवरा 'आइस' घेतो. आता मित्रांनाही आणून देणार म्हणतोय. त्याआधी त्याला घेऊन जा."

'आइस' म्हणजे मेथ, काचेच्या नळीतून ओढायचा अमली पदार्थ. नवरा अकाउंटंट, दोघेही इथले नागरिक, घरात लहान मुलगी. आमचा कायदा बाईंना पक्का ठाऊक होता. पहिल्यांदाच सापडलेल्या व्यसनी माणसाला उपचार मिळू शकतात. पुरवणाऱ्याची गय नाही, प्रसंगी फाशीही होते.

फ्लॅटच्या झडतीत काचेची नळी मिळाली. लघवीची चाचणी पॉझिटिव्ह आली. चौकशीत मात्र तो एकच धरून बसला, "आधी सांगा, मला पकडून कुणी दिलं?"

खबर देणाऱ्याचं नाव आम्ही सांगत नाही. दुपारी बाई स्वतःच आल्या. "मला भेटू द्या. मीच सांगते."

त्याच्यासमोर बसून त्या म्हणाल्या, "फोन मी केला. तू आत गेलास तर मी वाट बघेन. पण पुरवायला लागलास, तर त्यापुढचं मला सोसणार नाही."

तो रडला नाही, चिडलाही नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "लिहून घ्या." त्या जबाबावरून सेम्बावांग भागातला पुरवठादार मालासकट हाती लागला.

त्याची रवानगी उपचार केंद्रात झाली. सरकारने त्या सुमारास अशा उपचारांचा निधी वाढवला होता. म्हणून केंद्रातून सुटल्यावर पुढचे काही महिने त्याला घरी राहून, नोकरी सांभाळून समुपदेशन घेता आलं. चाचण्या चालूच होत्या. तो पुन्हा आमच्याकडे आला नाही.

माझ्या निवृत्तीनंतर पुंगोलच्या मेट्रो स्टेशनवर ते तिघे भेटले. त्याने वाकून नमस्कार केला. मुलीने विचारलं, "पप्पा, हू इज धिस अंकल?"

मी विषय बदलणार होतो. तो शांतपणे म्हणाला, "आईने बोलावलं होतं ना, ते काका."

पोलीस बहुधा सगळं घडून गेल्यावर पोचतात. त्या घरी आम्ही आधी पोचलो. बाईंनी विश्वास टाकला, आणि उपचारांची सोय करून सरकारने त्या विश्वासाला जागा केली होती. नुसत्या बेड्या तर माझ्याकडे नेहमीच होत्या.