प्रिंटरच्या तक्त्यावरची माझी सही

हाटकेशला आमच्या कंपनीचा पॅकेजिंगचा छोटा कारखाना आहे. खाली मशिनं, वर ऑफिस. वर आम्ही नऊ जण बसतो. ॲडमिनचं सगळं माझ्याकडे, त्यामुळे प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स एकातच करणारं मोठं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा तेही माझ्याच गळ्यात पडलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली होती की त्यांचे कागद ज्या मशीनवर निघतील ते सुरक्षित आहे का, हे तपासून लेखी द्या. सेठनी त्या गिऱ्हाइकाने पाठवलेला प्रश्नांचा तक्ता माझ्या हातात दिला. “एक एक चेक करके लिखना,” म्हणाले.

सुरुवातीला मी खरंच मन लावून केलं. मशीनसोबत आलेला पासवर्ड बदलला. आपला नंबर दाबल्याशिवाय कागद बाहेर येत नाही ना, हे तीनदा करून पाहिलं. शेवटचा प्रश्न होता, काम झाल्यावर मशीनमध्ये राहिलेली प्रत आपोआप पुसली जाते का. विकायला आलेला माणूस म्हणाला, “वो सब रहता है मॅडम, सबमें रहता है.” जेवायची वेळ झाली होती. मी समोर ‘तपासले’ लिहिलं आणि खाली सही केली.

आमच्या अकाउंट्सच्या ताई जवळच्या राई गावच्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. मी नोकरीला लागले तेव्हा टॅली त्यांनीच मला शिकवलं. मशीन येऊन महिना झाला असेल, एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात कागदाचं पाकीट होतं.

“अगं, यात स्कॅन केलं की कागद आत राहतो का गं?”

“नाही ताई, पुसला जातो. मी स्वतः तपासलंय.”

त्यांनी मान हलवली आणि स्कॅन करून कागद पाकिटासकट पर्समध्ये ठेवला.

दोन दिवसांनी डिस्पॅचच्या माणसाला मालाचं जुनं चलन परत काढायचं होतं. स्वतःचा नंबर दाबल्यावर मशीनच्या पडद्यावर सगळ्यांच्याच साठवलेल्या कागदांची यादी त्याला सापडली. त्याने चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ताईंचा बायोप्सीचा रिपोर्ट बाहेर आला. त्याने तो सरळ त्यांच्या टेबलावर नेऊन दिला. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण रिपोर्ट वाचला होता, आणि तोही राईतच राहतो. संध्याकाळी त्याच्या बायकोने ताईंच्या घरी काळजीने फोन केला. फोन ताईंच्या मुलीने उचलला. तिची बारावीची परीक्षा चालू होती. परीक्षा संपली की शांतपणे सांगायचं, असं ताईंनी आणि त्यांच्या मिस्टरांनी ठरवलं होतं. ते तिला परक्या बाईकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या त्या डोळे सुजवून. “स्कॅनऐवजी झेरॉक्सचं बटण दाबलं असणार मी, प्रत मशीनवरच राहिली,” त्या म्हणाल्या. “डोकं ठिकाणावर नाही माझं. पोरगी रात्रभर रडली. माझ्याच वेंधळेपणाने झालं सगळं.”

मी त्यांच्यासमोर उभी होते. त्यांनी फक्त स्कॅन केलं आणि मशीनवर काही राहिलं नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हणाले, “जाऊ दे ताई, होतं असं.”

त्या जेवायला गेल्यावर मी मशीनचं सेटिंग उघडलं. प्रती पुसायची सोय होती, पण बंद होती. मी ती चालू केली आणि यादी रिकामी केली. सगळं मिळून चार मिनिटं लागली. माझ्या तक्त्यातलं वाक्य आता खरं झालं होतं, आणि खोटं सांगितल्यापेक्षा मला या गोष्टीची जास्त लाज वाटली.

ऑपरेशननंतर ताई घरी आल्या तेव्हा मी राईला गेले. ओट्यावर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. “आत हाय, जा,” म्हणाल्या. मुलगी चहा ठेवायला उठली. ती आत गेल्यावर मी सगळं सांगितलं, सहीसकट.

ताईंनी चादरीची घडी नीट केली. मग म्हणाल्या, “चूक कुणाच्याही हातून होते गं. पण मी दोन महिने स्वतःलाच बोल लावत होते. त्या दिवशी तू समोर उभी होतीस. तेव्हा का नाही बोललीस?”

नोकरीची भीती वाटली, असं मी म्हणू शकले असते. पण ते पूर्ण खरं नव्हतं. माझ्या कामाला कुणी नावं ठेवू नयेत, एवढंच होतं. मुलगी चहा घेऊन आली, आणि ताईंनी तिच्यादेखत मला बिस्किटं आग्रहाने घ्यायला लावली.

सेठनाही मी सांगून टाकलं. ते म्हणाले, “अभी चालू है ना? फिर ठीक है.” मला ओरडा हवा होता, तो मिळाला नाही.

ताई आता बऱ्या आहेत, कामावर येतात. मुलीचे दोन पेपर वाईट गेले, पण पास झाली. माझ्याशी ताई बोलतात, डब्यातली भाजीही वाढतात. फक्त स्वतःचा कुठलाही कागद असला की ऑफिस सुटल्यावर नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांगेत उभ्या राहतात. मी बसची वाट बघत समोरच असते. त्या हात करतात, मीही करते.