मधली तीन अक्षरं

अण्णांचा जुना इंग्रजी शब्दकोश माझ्या भावाने रद्दीवाल्याला देऊन टाकला. मला हे फोनवर कळलं, तेही नव्या पंख्याचं कौतुक सांगून झाल्यावर, जाता जाता.

"कसाला ठेवायचं? अस्कं फोनांत अहे," तो म्हणाला. अस्कं म्हणजे सगळं, आमच्या तंजावूरच्या मराठीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी राहते त्या ओरत्तनाडूहून घरी जायला तंजावूरची बस पकडली आणि वाटभर त्याला काय काय सुनवायचं ते घोळवत राहिले.

अण्णा म्हणजे आमचे वडील. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुढे थोडी तमिळ परत आली, पाणी हवं, पुरे झालं, एवढ्यापुरती. मराठीचा मात्र एक शब्द आला नाही. जन्मभर जेवताना, भांडताना, देवापुढे जी बोलले तीच नेमकी हरवली. भावाने कुठलासा व्हिडिओ बघून ठरवून टाकलं की यापुढे त्यांच्याशी एकच भाषा बोलायची, तमिळ, उगीच गोंधळ नको. कुणाला विचारून ठरवलं? आजाराने तोंडातून काढून घेतली ती मराठी यानेही कानातून काढून घ्यायची, याला काळजी म्हणायचं?

आणि त्यावर कडी म्हणजे तो शब्दकोश विकणं. आमच्या गल्लीत पिढ्यानपिढ्या मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारं माणूस शोधून सापडत नाही. मी ती मोठेपणी हट्टाने शिकले. त्यामुळे घरात सगळ्यांना वाचता येईल असं एकच जाडजूड पुस्तक होतं, आणि ते इंग्रजी. संध्याकाळच्या कॉफीला अण्णांनी त्याचा खेळ लावून दिला होता. ज्याचा टंबलर आधी रिकामा होईल त्याने ओळीने तीन अक्षरं सांगायची. बाकीच्यांनी ती अक्षरं पोटात असलेले शब्द हुडकायचे. शब्दकोश पहिल्या अक्षराने लावलेला, मधल्या अक्षरांनी नव्हे, म्हणून त्या तिन्हींच्या आधी एकेक अक्षर लावून बघायचं, पानं उलटायची, एकमेकांच्या हातातून पुस्तक ओढायचं. शब्द पुस्तकात बोट ठेवून दाखवायचा आणि लगेच त्याचा अर्थ आपल्या मराठीत सांगायचा. तमिळमध्ये सांगितला की अण्णा खाटेच्या कडेवर थाप मारत. शब्द बाद. शाळेने आम्हाला मराठी शिकवली नाही, या इंग्रजी पुस्तकाने शिकवली. त्याचं वजन करून रद्दीत घालायला याचा हात कसा धजावला!

घरात पाऊल टाकताच मी तोंडसुख घेतलं. भाऊ शांतपणे म्हणाला, "ओरडूं नको. हें बघ." त्याने फोनवर कुठलातरी शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रजी शब्दकोश उघडला. वरच्या चौकटीत आय, एल, डी ही तीन अक्षरं टाकली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शब्दांची रांग उभी राहिली. बिल्ड, चाइल्ड, गिल्ड, माइल्ड, वाइल्ड. आम्ही अर्धी संध्याकाळ ज्यासाठी भांडलो असतो ते आयतं ताटात. मला त्या फोनचाही राग आला. हुडकणंच काढून घेतलं तर खेळात उरतं काय?

"मग विचार अण्णांना," मी म्हटलं. "आपल्या खेळासारखं विचार."

तो खाटेजवळ बसला. बिल्ड म्हणाला, आणि अर्थ तमिळमध्ये सांगितला. अण्णा छताकडे बघत होते. मग तो चाइल्ड म्हणाला.

"पिळ्ळै," त्याने अर्थ सांगितला. पुन्हा तमिळ.

अण्णांचा डावा हात उचलला गेला आणि खाटेच्या कडेवर थाप पडली.

भाऊ दचकला. त्याने पुन्हा तोच अर्थ सांगितला, आणखी मोठ्याने, बहिऱ्याला सांगावा तसा. पुन्हा थाप. आता गडबडीत त्याला मराठी शब्द आठवेना. घरात तीन महिने तमिळच चाललेली. मला येत होता. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले, कारण अण्णांचे ओठ हलत होते. कपाळावर घाम आला होता. जीभ अडखळत होती, पुन्हा उचलली जात होती.

"लें... लेंकरूं," अण्णा म्हणाले.

भावाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने घाईघाईने फोन त्यांच्यापुढे धरला, तो शब्द दाखवायला. अण्णांनी फोन मनगटाने बाजूला सारला. शब्द पुस्तकात बोट ठेवून दाखवायचा, असा नियम होता. त्यांचा डावा हात उशाजवळच्या टीपॉयवर गेला आणि त्या रिकाम्या लाकडावर शब्दकोश चाचपत राहिला.

मी वळून बघितलं तोवर भाऊ चपला घालून रद्दीवाल्याकडे धावला होता.